बिलावर ‘नवी’ लिहा

“ऊठ आई. ही सातवी गादी आहे.”

“सहावी. खिडकीजवळच्या दोन सारख्याच होत्या, त्या एकच धर.”

“सहावी तर सहावी. लोक बघतायत.”

“बघू देत की. दारातली पाटी वाचलीस ना? ‘निवांत झोपून बघा.’ मी निवांत झोपून बघतेय.”

“निवांत? डोळे सताड उघडे आहेत तुझे. आणि हात कुठे खुपसलायस तो?”

“हात माझा आहे.”

“आई, आपल्या नव्या घराच्या कोपऱ्यावर गाद्यांचं एवढं मोठं दुकान आहे. जिना उतरला की दुकान. त्यांची माणसं वर आणून टाकतात, आपल्याला बोटसुद्धा लावावं लागत नाही. मग इथेच का?”

“इथेच.”

“का पण?”

आईने कूस बदलली आणि गादीचा दुसरा कोपरा चाचपायला घेतला.

या आईला सगळे पट्टीवाल्या बाई म्हणतात. या चकचकीत दुकानाच्या मागे एक काचेचं दार आहे, दारामागे गोदाम, आणि गोदामामागे पत्र्याच्या छपराची एक लांबुडकी खोली. तिथे गाद्या शिवल्या जातात. बाईंनी त्या खोलीत एकोणीस वर्षं काढली. गादीचं वरचं कापड आणि बाजूचं कापड जिथे भेटतं तिथे एक पट्टी शिवतात. सरळ कडेला ती कोणीही शिवेल. खरी परीक्षा कोपऱ्यात. तिथे सुई वळली पाहिजे, सुईबरोबर आख्खी गादी वळली पाहिजे, आणि पट्टीला एक चुणी पडता कामा नये. बाईंचे कोपरे असे असायचे की मालक गिऱ्हाइकाचा हात धरून त्यावरून फिरवायचा आणि म्हणायचा, “बघा, लोण्यासारखं.” लोणी कोणी काढलं ते मात्र कधी सांगायचा नाही.

मोठी गादी यंत्राभोवती फिरवायला दोन माणसं लागतात. एक दिवस मालकाने बाईंच्या जोडीदारणीला तयार गाद्या बांधायच्या कामावर पाठवून दिलं. “तुम्ही एकट्या दोघींच्या बरोबरीच्या आहात, बाई.” किती गोड वाटलं होतं ऐकायला. ते कौतुक बाईंनी दोन वर्षं पाठीवर वाहिलं. मग एका दुपारी, तिसऱ्या कोपऱ्यावर वाकल्या असताना, पाठीत काहीतरी सटकलं आणि त्या तशाच वाकलेल्या राहिल्या. तशाच घरी आल्या.

तीन आठवडे अंथरुणात. मालक फळं घेऊन बघायला आला होता. खुर्चीवर बसला, चहा प्यायला, बाईंच्या अंगाखालच्या गादीकडे बघत बघत प्यायला. ती गादी बाईंनीच शिवलेली. फोमच्या कातरणीचे त्रेचाळीस तुकडे जोडून. ते तुकडे मालकानेच पायाने ढकलत पुढे सारले होते, “न्या घरी, कचराच आहे.”

बऱ्या होऊन बाई कामावर गेल्या आणि त्यांनी डॉक्टरची चिठ्ठी पुढे केली. त्यात लिहिलं होतं की जड उचलायला दुसरं माणूस द्यावं. मालकाने ती वाचली, घडी घालून खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत, अकरा जणांसमोर, तो म्हणाला, “माल गायब होतो कसा याचा मी कधीपासून विचार करतोय. परवा एका घरी गेलो तर डोळ्यांनीच बघितलं. माझाच फोम, माझंच कापड, आणि वर लोळणाऱ्या बाई.”

बस. एवढंच. दुसरं माणूस द्यायला नको, की कामावर ठेवायलाही नको. आसपासच्या तिन्ही कारखान्यांत त्याचे फोन गेले. त्यानंतर बाईंना कोणी यंत्राजवळ फिरकू दिलं नाही. दीड वर्ष त्या घरी बसून उशांचे अभ्रे शिवत होत्या, आणि शिवता शिवता मनात काय काय उसवत होत्या ते मुलीलाही कळलं नव्हतं.

मुलगी रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. तिथे ती यंदा कायम झाली आणि तिने दोन खोल्यांचं घर घेतलं. येत्या रविवारी सामान हलणार. स्वयंपाकघरात, मोरीला पाय लागतील अशा बेताने झोपणाऱ्या आईला पहिल्यांदाच स्वतःची खोली मिळणार होती, दाराला आतून कडी असलेली. “गादी तुझ्या पसंतीची घे, कुठलीही,” असं मुलगी म्हणाली आणि आईने एका दमात या दुकानाचं नाव घेतलं. मुलीला वाटलं, आईला गिऱ्हाईक म्हणून एकदा मिरवायचंय. मिरवू दे अर्धा तास. पण आता दीड तास झाला होता; आडव्या झाल्या त्या सहाच गाद्यांवर, पण जाता जाता बाईंनी दोन्ही रांगांतल्या जवळजवळ सगळ्या गाद्यांचे कोपरे चाचपले होते.

“मावशी, तुम्हाला मऊ हवीय की कडक?” गल्ल्यावरच्या मॅडमनी विचारलं. त्या नव्या होत्या, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

“मला खरी हवीय.”

मॅडम हसल्या. पलीकडच्या पलंगावर एक नवराबायको शेजारी शेजारी आडवे होऊन वाद घालत होते. नवऱ्याला लाकडासारखी हवी होती, बायकोला लाकडासारखा नवरा पुरे होता.

दुकानाच्या मधोमध, दिव्याखाली, रबराची एक जाड गादी मांडलेली होती. बाई तिच्यावर आडव्या झाल्या आणि प्रथमच त्यांचा हात थांबला. डोळे मिटले. कपाळावरची ती उभी रेघ, जी मुलीने दीड वर्ष रोज सकाळी बघितली होती, ती सैल पडली. मिनिट गेलं, दोन गेली.

“हीच घेऊ आई,” ती हळूच म्हणाली.

बाईंनी डोळे उघडले. एका कुशीवर वळून, कोपरावर भार देऊन, तीन टप्प्यांत उठल्या. “नको.”

“अगं, तुझा चेहरा बघितलाय मी.”

“चेहऱ्याचं काय घेऊन बसलीस.” त्या भिंतीकडे गेल्या. पिवळ्या पट्ट्यांची एक गादी तिथे होती. तिच्या कोपऱ्यावरून त्यांनी अंगठा फिरवला, थांबल्या, पुन्हा फिरवला. “ही.”

मुलीने त्या गादीवर बसून बघितलं. “ही? आई, हिला मधे खड्डा आहे.”

“असू दे.”

“मावशी, तुमच्या पाठीला ही—” मॅडमनी सुरुवात केली.

“पाठ माझी आहे. बिल करा. आणि बिलावर ‘नवी’ लिहा.”

“दुकानात गादी नवीच असते हो.”

“मग लिहायला काय हरकत? ‘नवी, कुणीही न वापरलेली.’ खाली शिक्का.”

मॅडमनी खांदे उडवले, लिहिलं, शिक्का मारला. मुलीने ओठ घट्ट मिटून पैसे भरले. नव्या घरासाठीची ही पहिली मोठी खरेदी होती, आणि तिला मधोमध खड्डा होता.

एवढ्यात काचेच्या केबिनमधून मालक बाहेर आला. आवाज ओळखला असावा.

“अरे, बाई तुम्ही? किती दिवसांनी. पाठ कशी आहे?”

“आहे जागेवर.”

“नवीन घर घेतलं म्हणे? छान, छान. सांगितलं असतंत तर मी स्वतः निवडून दिली असती.”

“मी निवडली. मालक, बिल झालं. आता गादी माझी ना?”

“म्हणजे काय, तुमचीच.”

“मी हिचं काहीही करू शकते?”

“झोपा, लोळा, उड्या मारा,” मालक हसत त्या नवराबायकोकडे बघत म्हणाला. “जुनं माणूस आहे आमचं.”

बाईंनी पिशवीतून टाके उसवायची छोटी कात्री काढली. “पोरी, हा कोपरा वर धर. मला वाकता येत नाही.”

“आई, काय करतेयस?”

“धर म्हटलं ना.”

मुलीने कोपरा धरला. मालकाचं हसू तोंडावरच राहिलं, पण त्यातला जीव गेला. “बाई, बाई, एक मिनिट. आत या, केबिनमध्ये बसून बोलू.”

“मला बोललात तेव्हा केबिनमध्ये नव्हतं नेलंत.”

कात्री टाक्याखाली गेली. एक टाका, दुसरा, मग पट्टी नुसती ओढली तरी निघायला लागली. वीतभर, हातभर. पिवळं कापड सुटून मागे पडलं, आणि त्याच्याखाली दुसरं कापड निघालं. तपकिरी फुलांचं, धुरकटलेलं, मधोमध एक भला मोठा डाग. चहाचा असेल. आपण चहाचाच म्हणू.

कुणीतरी नाकाला रुमाल लावला. पलंगावरची बायको ताडकन उठून बसली.

“पसंत नसेल तर महिन्याभरात परत करा, अशी पाटी आहे ना तुमच्या दारात?” बाई त्या नवराबायकोला सांगू लागल्या, शाळेत शिकवावं तशा शांतपणे. “लोक परत करतात. मग ती गादी मागच्या खोलीत येते. जुनं कापड काढायला वेळ जातो, म्हणून त्याच्यावरच नवं चढवायचं आणि पट्टी मारायची. कोपऱ्यात कापडाचा एक थर जास्त येतो. डोळ्याला दिसत नाही. अंगठ्याला कळतं.”

“आणि हे चढवायचं कोण?” मालकाचा आवाज वर चढला. “विचारा ना यांना. कोण चढवायचं?”

“मी,” बाई म्हणाल्या. “सहा वर्षं मीच. तुम्ही सांगायचात आणि मी चढवायचे, कारण घरी ही एवढीशी होती. तेव्हा तोंड उघडलं नाही, ती लाज माझी. ती मी उचलली. आता तुमची तुम्ही उचला.”

मुलीने आईकडे बघितलं. तिच्या हातातला कोपरा खाली आला नाही, एवढंच.

आवाजाने मागचं काचेचं दार उघडलं होतं. शिलाईच्या बायका, बांधणीवाले, सगळे दारात गोळा झाले होते. बाईंच्या जागेवर आता बसणारी सगळ्यांत पुढे होती, गळ्यात मोजपट्टी तशीच.

“काय हवंय तुम्हाला?” मालकाने दबक्या आवाजात विचारलं.

“तुम्हाला माहीत आहे.”

“बरं, झाली असेल माझी चूक.”

“असेल नको.”

“तुकडे मी दिले होते.”

“दारापर्यंत ऐकू गेलं नाही.”

मालकाने शर्टाची कॉलर ओढली. दाराकडे तोंड केलं, पण डोळे जमिनीवर. “फोमचे तुकडे मीच दिले होते. यांनी काही चोरलं नव्हतं. कापड नाही, फोम नाही, काही नाही. झालं?”

दारातल्या मोजपट्टीवालीने पदराने तोंड पुसलं.

“झालं आई?” मुलीने विचारलं. “चल आता.”

जायला निघणार, तोच त्या नवऱ्याने आपल्या बुडाखालच्या गादीवर हात ठेवून मालकाला विचारलं, “मग ही कसली आहे?”

मालकाने त्या गादीकडे बघितलं, मग शेजारच्या, मग खिडकीजवळच्या दोन सारख्या गाद्यांकडे. दुकानात चाळीसेक होत्या, गोदामात आणखी. सगळ्यांचे कोपरे लोण्यासारखे. चढवलेल्या गाद्यांवर कसलीही खूण करायची नाही, नाहीतर कधीतरी सापडते, हा नियम त्याचाच होता.

“बाई,” तो जवळ येऊन कुजबुजला. “तुम्ही सगळ्या बघितल्यात. इतका वेळ तेच करत होतात ना? सांगा. कुठल्या कुठल्या?”

बाई पिशवीत कात्री ठेवत होत्या.

“नाहीतर मला सगळ्या उसवाव्या लागतील. आख्खं दुकान.”

बाईंनी पिशवीचा बंद ओढला.

“हे बघा, ती मधली न्या. रबराची. पैसे नकोत. आजच घरी पोचवतो. आणि उद्यापासून कामावर या. दुसरं माणूस देतो, दोन देतो, लिहून देतो. फक्त बोट दाखवा.”

मुलीने त्या मधल्या गादीकडे बघितलं. आईच्या अंगाचा खळगा अजून तिच्यावर पुसट दिसत होता. “आई,” ती म्हणाली.

गल्ल्यावरच्या मॅडमनी मालकाला न विचारता गादीचे पैसे मोजून मुलीच्या हातात परत ठेवले. बिल मागितलं नाही. ते शिक्क्यासकट बाईंच्या मुठीत होतं.

पाठीमुळे बाईंना सावकाशच चालता येतं, आणि दुकान लांबलचक आहे. त्या दोन रांगांच्या मधून दाराकडे निघाल्या, नजर सरळ समोर. मालक त्यांच्या पावलाशी पाऊल जुळवत बाजूने चालत राहिला.

“ही?” त्याने निळ्या गादीवर हात ठेवला. “ही का बाई?”

बाई चालत होत्या.

“बरं, ही? ही तर तुमच्या वेळची नाही. ही आहे का?”

मागे ती बायको नवऱ्याला दंडाला धरून उठवत होती आणि आपल्या कपड्यांची मागची बाजू झटकत होती.

“निदान आकडा सांगा. किती आहेत? दोन? दहा? बाई, दहा आहेत का?”

मुलीने दार उघडून धरलं. पट्टीवाल्या बाई एक हात कमरेवर ठेवून उंबऱ्याची पायरी उतरल्या, मग दुसरी उतरल्या, आणि रस्त्याला लागल्या.