चारी चाकं नवी

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा माझे बाबा ड्रायव्हर म्हणून उस्मानाबादहून सरकारी जीपसकट लातुरात आले. जिल्हा नवा, कचेरी नवी, जीप तेवढी जुनी. त्यात दुष्काळ. साहेबांना घेऊन गावोगाव पाहणी करत ती दगडधोंड्यांतून अशी हिंडली की चाकं वाकडी झाली. स्टेअरिंग थरथरतंय म्हणून बाबा सारखे मागं लागले, तेव्हा कुठं साहेबांनी चारी चाकं नवी दिली, टायरसकट.

दुसऱ्याच दिवशी बाबा म्हणाले, "अजून थरथरूनच राहिली."

साहेब भडकले. "गाडी नीट करून आण, नाहीतर ड्रायव्हरच बदलतो." बाबा घरी आले ते तोंड पाडूनच. ड्रायव्हरकी सोडून त्यांना दुसरं काही येत नव्हतं आणि आमचं सगळं घर त्या एका स्टेअरिंगवर चालत होतं.

घरात निराळीच कटकट. टँकर आला की बाबा घागर भरून आणायचे आणि दारात येईतो अर्धी वाट ओली. लोक थेंबाला महाग आणि हे सांडून राहिलेले! माय कडाडायची. बाबा म्हणायचे, "घागरीचं बूड चेपलंय, डुचमळती."

"हाव, हाव. नाचता येईना, अंगण वाकडं!"

आम्ही पोरी खो खो हसायचो.

नांदेडला एका गॅरेजात चाकं बॅलन्स करायचं मशीन होतं. मी तिथंच कॉलेजला, वसतिगृहात राहायची. सुट्टी संपतच आली होती, म्हणून बाबांनी मलाही सोबत घेतलं. मिस्त्रीनं चारी चाकं मशीनवर फिरवली, एकाला शिशाचा चिमुकला तुकडा ठोकला आणि जीप स्वतः चालवून बघितली. "मामा, लोण्यावानी चालून राहिली की."

"तुला काय कळतंय रे? माझ्या हातात येऊन राहिलंय ना!" बाबा ओरडले. बाबा कुणावर ओरडल्याचं मी तोवर बघितलं नव्हतं.

नव्या ड्रायव्हरांकडून ते एक गोष्ट घोकून घ्यायचे. हाताला लागलं तर पुढचं चाक, बुडाला लागलं तर मागचं. खात्री नसेल तर पुढची चाकं मागं टाकायची. दोष चाकात असला की थरथर हातातून निघून बुडाखाली जाते. त्यांनी मिस्त्रीला तेच करायला लावलं. मग त्याला शेजारी बसवलं, मला मागच्या बाकावर. "ध्यान देऊन बस. खाली लागलं की सांग."

नायगावच्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी वेग वाढवला.

"लागलं का?"

"न्हाई, बाबा."

"आता?"

मी दोन्ही तळवे बाकावर दाबून धरले. थरथर गं बाई, एकदा तरी थरथर, असं मी त्या जीपला मनातल्या मनात विनवत होते. बाक मेला गपगार.

"न्हाई लागत, बाबा."

"मग माझ्या हातात अजून कसं काय येऊन राहिलं?"

विचारलं त्यांनीच, आणि विचारता विचारता वेग कमी केला. गाडी हळूच कडेला घेतली. इंजिन बंद केलं. हात स्टेअरिंगवरच होते. उजवा हात थरथरत होता. बाबा त्याच्याकडं बघत राहिले. मिस्त्री बाहेरच्या वाळून गेलेल्या रानाकडं तोंड करून बसला. मला ती सांडणारी घागर आठवली आणि आमचं खो खो हसणं.

मिस्त्रीला गॅरेजवर सोडून बाबांनी जीप वसतिगृहासमोर उभी केली. "उतर, लेकी."

"न्हाई उतरत."

त्यांनी हट्ट केला नाही. मी पुढं येऊन बसले. मला गाडी चालवता येत नव्हती, मी करणार तरी काय होते? जीव मुठीत धरून कॉलेजचं काहीबाही बडबडत राहिले. अहमदपूर मागं पडल्यावर न राहवून म्हणाले, "डॉक्टरला दाखवू ना, बाबा."

"डॉक्टर काय चाक बदलून देणार हाय?"

लातुरात शिरल्यावर त्यांनी जीप घराकडं न वळवता साहेबांकडं घेतली.

साहेब बंगल्याच्या व्हरांड्यात पेपर वाचत बसले होते. बाबांनी जीप लावली, फडक्यानं बॉनेट पुसलं, काच पुसली. किल्ली साहेबांपुढच्या टेबलावर ठेवली आणि दोन्ही हात पाठीमागं धरले.

"झाली का नीट?"

"गाडी नीट हाय, सायब," बाबा म्हणाले. "ड्रायव्हर बदला."