चाफ्याच्या मेणबत्तीचं झाकण

काच तळातून तडकली होती. पिशवीतले तुकडे मी वर्तमानपत्रावर मांडले आणि बरणी पुन्हा जुळवली. सगळ्या भेगा तळाच्या मध्यापासून निघून वर गेल्या होत्या. समोर इंदूताई चौगुले उभ्या होत्या. वय सत्तरीच्या पुढे. राजारामपुरीतल्या या घरात त्या एकट्याच राहतात.

"तुमच्याच कंपनीची हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"आमचीच."

"मग बघा सावकाश. मी चहा टाकतो."

कागलच्या एमआयडीसीत सुगंधी मेणबत्त्यांचा एक कारखाना आहे. तिथे मी क्वालिटी बघते. तक्रार आली की गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन कारण शोधायचं, हा त्या कामाचा भाग. ही तक्रार इंदूताईंच्या मुलाने, अमितने, बेंगळुरूहून केली होती. बरणी फुटली, टेबलावरचं कापड पेटलं, भिंत काळी झाली. इंदूताई स्वयंपाकघरात होत्या. जळका वास आल्यावर धावत आल्या आणि ओला टॉवेल टाकून आग विझवली. त्यांना इजा झाली नाही.

निघण्यापूर्वी मी अमितशी फोनवर बोलले होते. त्याला भरपाई नको होती.

"मॅडम, एवढंच सांगा. चूक तुमची की आईची? तुमची असेल तर विषय संपला. आईची असेल तर तिला मी इकडे घेऊन येतो. घराला कुलूप."

"त्यांना यायचं आहे का?"

"तिला विचारलं तर ती मरेपर्यंत नाहीच म्हणेल."

काच सदोष असेल तर ती बहुधा काठापासून किंवा एखाद्या ओरखड्यापासून तडकते. ही तळातून तडकली होती. म्हणजे ज्योत तळाला टेकली होती. वात जागेवर धरणारी पत्र्याची चकती काळी पडली होती आणि तिच्याभोवती मेणाचा अंशही नव्हता. काचेच्या बरणीतली मेणबत्ती शेवटपर्यंत जाळायची नसते. अर्धा इंच मेण राहिलं की तिचं काम संपलं. त्यापुढे आच मेणाला नाही, काचेला लागते.

चूक कुणाची, हे चहा येण्याआधीच कळलं होतं. ती का झाली, हे कळायचं होतं.

"मेणबत्ती संपत आल्यावर विझवली का नाहीत?"

इंदूताईंनी कप ठेवला. "विझवायची कशी? यांच्या फोटोम्होरं लावलेला दिवा. तो कुणी तोंडानं फुंकतंय व्हय?"

टेबलावर त्यांच्या पतींचा फोटो होता. चौकटीचा एक कोपरा जळला होता. घरोघरी असतो तसाच त्यांच्याही घरी नियम होता. दिवा फुंकायचा नाही. समई तेल संपलं की आपोआप शांत होते. मेणबत्तीचंही तसंच होईल, असं त्यांनी धरलं होतं. आधी ती निम्म्यावर असताना त्या वात चिमटीत धरून शांत करत. त्या दिवशी थोडीच उरली होती, म्हणून जळून जाऊ दिली.

"चाफ्याचीच का घेतली?"

"मी कुठं घेतली? पोरानं धाडली. घराला बंद घरासारखा वास येतोय, असं मी म्हणालतो त्याला फोनवर." त्यांनी फोटो सरळ केला. "घर बंद कुठलं? मी असतो की आत."

मी नोंद घेतली. मग बरणीचं झाकण मागितलं. प्रत्येक बरणीसोबत आम्ही पत्र्याचं झाकण देतो. ते फ्रिजवर होतं. त्यात त्यांच्या संध्याकाळच्या गोळ्या होत्या.

"ही वाटी झाकण हाय होय?"

माझ्या बॅगेत नमुन्याची मेणबत्ती होती. वात पाव इंच ठेवून कापली, पेटवली, पंखा बंद केला. मग झाकण ठेवलं. ज्योत लहान झाली आणि गेली. धूर आतच राहिला.

इंदूताई वाकून बघत होत्या. "फुंकलं न्हाई, चिमटीत धरलं न्हाई. ह्ये कुणी सांगितलंच न्हाई की."

सांगितलं होतं. बरणीच्या तळाला, बारीक इंग्रजीत. जळती मेणबत्ती उलटी करून कुणी वाचत नाही.

ऑफिसात मॅनेजर घाटगे साहेबांनी रिपोर्ट अर्धाच वाचला. "तळापर्यंत जाळली ना? मग लिहा की कस्टमर मिसयूज, आणि व्हा मोकळ्या."

"सर, दिवा फुंकत नाहीत म्हणून जाळली."

"म्हंजे?"

"तुमच्या घरी समई कोण फुंकतं?"

"आई हाणंल मला." ते हसले. मग हसायचे थांबले. आमचा बहुतेक माल कोल्हापूर, सांगली आणि बेळगावात खपतो.

रिपोर्टमध्ये मी दोन्ही गोष्टी लिहिल्या. काच निर्दोष. सूचना सदोष. अमितला तोच कागद पाठवला. त्याचा फोन आला.

"म्हणजे नक्की कुणाची चूक?"

"त्यांना माहीत नव्हतं. आता आहे."

"बघतो," तो म्हणाला.

पुढच्या सुट्टीत तो आला. आईला नेलं नाही. फोटोच्या वर कॅमेरा बसवला आणि परत गेला.

नवीन लेबल तयार झाल्यावर मी पहिली बरणी इंदूताईंकडे नेली. बाजूलाच मोठ्या मराठी अक्षरांत छापलं होतं: फुंकू नका, झाकण ठेवा. अर्धा इंच मेण उरलं की पुन्हा लावू नका. संध्याकाळ होती. त्यांनी नखं कापायच्या कात्रीने वात नीट केली. टेबलावर आता कापड नव्हतं, फरशीचा तुकडा होता. मेणबत्ती पडद्यापासून लांब ठेवली, पेटवली, झाकण उजव्या हाताशी घेतलं. चुकीचं काहीच नव्हतं.

मेण काठापर्यंत वितळलं. पहिल्या वेळी तेवढं वितळू द्यावंच लागतं, नाहीतर पुढे मधोमध खड्डा पडतो. ते झाल्यावर मी म्हटलं, "आता झाकायला हरकत नाही."

"थांबा की जरा."

त्या खुर्चीत बसल्या. कॅमेऱ्याकडे एकदा बघितलं. बऱ्याच वेळाने फोन वाजला.

"आई, मेणबत्ती चालू आहे. झाकण ठेव."

"व्हय रे, ठेवतो. जेवलास का?"

तो मीटिंगमध्ये होता. फोन ठेवला गेला. त्यांनी झाकण ठेवलं आणि त्या माझ्याकडे वळल्या. "बघितलं? दिवा लावला की करतोयच फोन."

तक्रार बंद झाली. आमच्याकडून वापराची माहिती अपुरी होती, ती पुरी केली. मेणबत्ती किती वेळ जाळावी, हे लेबलवर छापता येतं. कशासाठी जाळावी, यासाठी जागा नसते.