तात्यांच्या सायकलची परीक्षा

गेल्या दसऱ्याला सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, गंगापूर रोडवरून नदीकडे उतरणाऱ्या एका रस्त्यावर, मी सायकलसह झेंडूच्या ढिगात शिरलो. ढीग विक्रीसाठी ठेवलेला होता. जीवितहानी झाली नाही. माझ्या सायकलची घंटा अद्याप सापडलेली नाही.

घटनेची पार्श्वभूमी अशी. माझे सासरे, तात्या, सायखेड्याला राहतात. वय शहात्तर. त्यांच्याकडे बावीस इंची काळी सायकल आहे. तिच्या कॅरिअरवरून आजवर गवताचे भारे, एक आजारी बोकड आणि (कुटुंबीयांच्या सांगण्यानुसार) लहानपणी माझी बायको मेघा, यांची वाहतूक झालेली आहे. तात्या रोज तिच्यावरूनच मळ्यात जातात. दसऱ्याच्या पंधरा दिवस आधी एक डंपर त्यांच्या कोपराजवळून गेला. तात्यांना काही झाले नाही. त्यांचा मोठा मुलगा नामदेव मात्र हादरला. त्याने निर्णय घेतला : सायकल बंद. नुसती बंद नाही, भंगारात! घरात राहिली तर तात्या चालवणारच, असे त्याचे म्हणणे होते आणि ते चुकीचे नव्हते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी नामदेवने सायकल आपल्या पिकअपमध्ये टाकली आणि नाशिकला निघाला. तात्यांनी धुतलेले धोतर नेसले, टोपी घातली आणि ते पिकअपच्या मागच्या हौद्यात, सायकलशेजारी, जाऊन बसले.

दुपारी एक वाजता गाडी आमच्या सोसायटीच्या दारात उभी राहिली.

"दादा!" मेघा गॅलरीतून ओरडली. "तात्यांना मागे बसवलंस?"

"मी कुठं बसवलं? उतरतच नाय ते!"

"सायकल उतरली की मी उतरतो," तात्या हौद्यातून म्हणाले. "ती भंगारात गेली तर मी पण भंगारात. वजन करून घ्या दोघांचं."

सायकल उतरवण्यात आली. पाठोपाठ तात्या उतरले.

मेघाने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि जागच्या जागी निकाल दिला. आज खंडेनवमी, उद्या दसरा. घरातले वाहन पुजायचे असते, मोडीत काढायचे नसते. जे काय करायचे ते परवा. नामदेवला हे मान्य करावे लागले, कारण त्याच्या पिकअपच्या पूजेचे ताटही मेघाच करणार होती.

जेवताना तात्यांनी प्रस्ताव मांडला.

"नाम्या, तू म्हनतो मला रहदारी झेपत नाय. बरं. उद्या हितून गंगेवर जातो, पाय धुतो, परत येतो. ह्या तुमच्या गंगापूर रोडनं. सायखेड्यात काय रहदारी हाय? खरी रहदारी हितं हाय. झेपली तर सायकल माझी. नाय झेपली तर तुझी." (गंगा म्हणजे इथली गोदावरी.)

नामदेवने तीन अटी घातल्या. तात्यांनी पडायचे नाही. कोणाला धडकायचे नाही. आणि एकाही गाडीवाल्याने त्यांच्यावर ओरडता कामा नये. (तिसरी अट गंगापूर रोडवर कोणत्याही वयाच्या माणसाला अशक्य आहे. तरीही तात्या "चालंल" म्हणाले.)

"पण बघणार कोण? मी गाडीनं मागं येतो, पण तात्या म्हणतील नाम्या लबाड."

"जावईबापू बघतील," तात्या म्हणाले. "पेपरात हायेत. सायकल पण चालवतात. जे दिसंल तेच लिवतील."

अशा रीतीने मी निरीक्षक झालो. वृत्तपत्राच्या डेस्कवर माझी तीस वर्षे गेली आहेत. तीन वर्षांपासून मी ऑफिसला सायकलने जातो आणि हे मी लोकांनी न विचारता सांगतो. त्याआधीच्या रविवारी आमच्या पुरवणीत माझा लेख आला होता : 'शहरात सायकल चालवताना'. त्यात दहा सूचना होत्या. पहिली सूचना : घरातून निघण्यापूर्वी ब्रेक तपासा.

संध्याकाळी मी पूजेसाठी दोन्ही सायकली धुवायला काढल्या. तात्यांची सायकल पार्किंगमध्ये आणताना ब्रेक दाबला, तर असा आवाज आला की दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खिडक्या उघडल्या. करर्र! माझ्या सायकलचा ब्रेकही थोडा कुरकुरत होता. मला वाटले, उद्या तात्यांची एवढी मोठी परीक्षा, आणि हा आवाज ऐकून नामदेव म्हणणार, बघा, सायकल मोडकळीला आली. काहीतरी करायला हवे होते.

ऐकीव माहितीवर मी काही करत नाही. किमान दोन सूत्रांचा दुजोरा लागतो. पहिले सूत्र : पहिल्या मजल्यावरचे कुलकर्णी. ते त्या वेळी स्वतःची कार पुसत होते.

"तेल घाला," कुलकर्णी म्हणाले.

"ब्रेकला?"

"जिथून आवाज येतो तिथं तेल. साधी गोष्ट आहे हो!"

दुसरे सूत्र : बी विंगमधल्या एक बाई. त्या हार ओवत बसल्या होत्या. मी विचारले, ब्रेक वाजत असेल तर तेल घालतात का? त्यांनी वर न बघता सांगितले, "घालत असतील की. दादाला विचारलंत ना? तो काय म्हणाला?"

"घाला म्हणाले."

"मग घाला."

(त्यांचा दादा म्हणजे कुलकर्णी. याला पत्रकारितेत दुजोरा म्हणत नाहीत. नव्या मुलांना हे मी दर वर्षी शिकवतो.)

मेघाच्या शिलाई मशीनचे तेल मी घेतले. तात्यांच्या सायकलला दांड्यांचे जुने ब्रेक आहेत. हँडलखालचा दांडा ओढला की रबराचे तुकडे चाकाच्या लोखंडी रिमवर घासतात आणि सायकल थांबते. मी रबरांना तेल लावले. रिमना लावले. रिम इतक्या चमकल्या की मी फडक्याने दुसरा हात मारला. मग माझ्याही सायकलला तेच केले. शेवटी दोन्ही ब्रेक दाबून पाहिले. छान दबत होते. आवाज शून्य. चाक थांबते का, हे मी पाहिले नाही. मी आवाज तपासत होतो.

सकाळी पूजा झाली. दोन सायकली आणि एक पिकअप यांना हळदकुंकू, हार, नारळ. दहा वाजता आम्ही निघालो. तात्या पुढे, धोतर-टोपीत. त्यांच्यामागे मी : हेल्मेट, हातमोजे, चमकणाऱ्या पट्ट्यांचे जॅकेट, खिशात वही. आमच्यामागे नामदेव पिकअपमध्ये.

गंगापूर रोडवर दसऱ्याची गर्दी होती. हार घातलेल्या गाड्या, हार घातलेल्या रिक्षा, हार घातलेला एक जेसीबी. तात्या डाव्या कडेने एका लयीत चालले होते. एक रिक्षा अचानक समोर थांबली. तात्यांनी पायडल मारणे आधीच थांबवले होते, सायकल आपोआप मंदावली. एका कारचे दार उघडले. तात्या तिच्यापासून हातभर लांबूनच चालले होते. एक स्कूटरवाली उलट्या दिशेने आली. तात्यांनी तिला मान लववून वाट दिली. ती ओशाळली! मी हे नाशिकमध्ये पहिल्यांदा पाहिले.

"तात्या, ब्रेक नाही मारत?" मी मागून विचारले.

"ब्रेक कशाला? ब्रेक शेवटाला. आधी डोळं मारायचं... म्हंजी, टाकायचं. पुढं."

मीही त्यांच्यासारखेच करू लागलो. त्यामुळे पहिले दोन किलोमीटर आमच्यापैकी कोणीही ब्रेकला हात लावला नाही. मी वहीत तीन नोंदी केल्या. तिन्ही तात्यांच्या बाजूच्या होत्या.

दहा वाजून अठरा मिनिटांनी आम्ही नदीकडे वळलो. तिथून उतार सुरू होतो.

साधारण पन्नास मीटरनंतर तात्या मान न वळवता शांतपणे म्हणाले, "जावईबापू, ब्रेक नाय."

"काय?"

"ब्रेक! लागत नाय!"

मी माझा ब्रेक दाबला. दोन्ही दाबले. पुन्हा दाबले. ब्रेक मऊपणे दबत राहिले. सायकलचा वेग वाढत राहिला. त्या क्षणी मला शिलाई मशीनचे तेल आठवले. बाटलीवरच्या लेबलसकट!

"तात्या! माझा पण नाही!"

"दोघांचा पन?" तात्यांनी आता मान वळवली. त्यांच्या चेहऱ्यावर मी चाळीस किलो बेदाणे पावसात विसरल्यासारखा भाव होता. "मंग घंटी तरी वाजवा!"

मागे नामदेवला वाटले आम्ही शर्यत लावली आहे. त्याने हॉर्न वाजवायला सुरुवात केली, तो थांबवलाच नाही.

तात्यांनी काय केले ते मी साक्षीदार म्हणून सांगू शकतो. त्यांनी एका चपलेचा तळ पुढच्या टायरवर टेकवला. डावीकडे एका इमारतीच्या फाटकातून आत चढ जात होता. तात्या त्या चढावर वळले, सायकल चढता चढता स्वतःच दमली, आणि ते पाय खाली ठेवून उतरले. वॉचमनने उठून नमस्कार केला. त्याला वाटले पाहुणे आले.

चढ एकाच सायकलपुरता होता.

पुढच्या फाटकातून त्याच वेळी एक नवी कोरी कार बाहेर येत होती. बॉनेटवर स्वस्तिक, आरशाला रिबिन, बाजूला गुरुजी हातात नारळ घेऊन उभे. तिने आयुष्यातले पहिले लिंबू नुकतेच चिरडले होते. आता तिच्यासमोर मी होतो. कार आणि मी यांच्यामध्ये एक मावशी बसलेल्या होत्या आणि मावशींच्या बाजूला झेंडू. मी मावशी वगळल्या.

पुढच्या काही सेकंदांचे मला फक्त रंग आठवतात. पिवळा, केशरी, पिवळा.

"आरं देवा!" मावशींचा आवाज आला. "भाऊ, फुलं पाहिजे तर उतरून घ्या ना! असं अंगावर येत्यात का कुठं?"

कारची काच खाली झाली. "ओ काका! ब्रेक नाहीत का तुम्हाला?"

हा प्रश्न वस्तुस्थितीला धरून होता. मी उत्तर दिले नाही. माझ्या तोंडात पाकळ्या होत्या.

"गाडीला लागलं नाही ना?" कारमधल्या बाईंनी विचारले.

"पूजेचा गुण," गुरुजी म्हणाले. मात्र त्यांचाही नारळवाला हात वरच राहिला होता.

नामदेव धावत आला. त्याने आधी तात्यांना चाचपले, मग मला झेंडूतून बाहेर ओढले आणि म्हणाला, "झालं! ब्रेक फेल! मी काय म्हणत होतो? म्हातारी सायकल! उद्या सकाळी भंगारात!"

तात्या सायकलपाशी उभे होते. त्यांनी रिमवरून बोट फिरवले, बोटाकडे पाहिले, धोतराला पुसले. मग हँडलवर हात ठेवून उभे राहिले, जसे हौद्यात तिच्याशेजारी बसले होते तसे.

तुडवलेला सगळा झेंडू विकत घेऊन, पिकअपमध्ये भरून आम्ही घरी आलो. पाने वाढली. श्रीखंड होते.

"दाजी," नामदेव म्हणाला, "तुम्ही निरीक्षक. वही काढा. जे दिसलं ते सांगा. ब्रेक जुने झाले होते की नाय?"

मेघा वाढता वाढता थांबली. तात्या ताटाकडे पाहत होते. तेलाची गोष्ट फक्त मला माहीत होती. मी नुसते "हो" म्हटले असते तर सायकल गेली असती आणि माझी अब्रू राहिली असती. मी वही उघडली. घसा साफ केला.

"सायकलींना आदल्या दिवशी तेल लावण्यात आले होते."

"कुठं?"

"विविध ठिकाणी."

"ब्रेकला?" मेघाने विचारले.

"प्राथमिक माहितीनुसार, ब्रेकलाही."

"कोणी लावलं?"

"यासंदर्भात अधिक तपशील..."

"अहो!!"

"मी."

श्रीखंडाचा डाव मेघाच्या हातातून पातेल्यात पडला. नामदेव पुरी हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. "ब्रेकला? तेल? दाजी, तुम्ही लेख लिवला होता ना? ब्रेक तपासा म्हणून? मी तो तात्यांना वाचून दाखवला होता!"

"दोन सूत्रांनी..." मी म्हणालो.

"कोण दोन?" मेघा म्हणाली. मी सांगितले. "म्हणजे कुलकर्णी आणि कुलकर्ण्यांची बहीण!"

तात्यांनी पहिला घास घेतला. "मला तिथंच कळलं. बोट बुळबुळीत लागलं."

"मग तिथंच बोललात का नाही, तात्या? उद्या तुमची सायकल गेली असती!" मेघा म्हणाली.

"सणाचा दिस. जावई उपाशी. म्हटलं आधी जेवू द्या, मंग बोलू." मग माझ्याकडे वळून : "आन् तो आवाज कशाला घालवला? करर्र झालं की म्हशी सुदीक बाजूला व्हत्यात. तोच माझा हॉर्न."

नामदेवने तिन्ही अटी मोजल्या. तात्या पडले नव्हते. कोणाला धडकले नव्हते. गाडीवाला ओरडला होता, पण तात्यांवर नाही. वहीत तशी नोंद होती, खाली माझी सही होती. नामदेवने हातातली पुरी ताटात ठेवली. मग म्हणाला, "ब्रेक नसताना थांबले. ते पण चपलेनं. आता काय बोलणार?"

संध्याकाळी सोने देताना तात्यांनी माझ्या हातावर आपट्याचे पान ठेवले. "सोनं घ्या, जावईबापू. तेल नका घेऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता पिकअप सायखेड्याला परत गेली. तात्या पुढे बसले होते. मागे त्यांची सायकल होती, रिम राखेने घासलेल्या. शेजारी माझी सायकल होती. ती नीट करून पाठवतो, असे तात्या म्हणाले. तारीख सांगितली नाही. तात्या रोज मळ्यात सायकलने जातात. मी ऑफिसला बसने जातो. शिलाई मशीनचे तेल कपाटात आहे. किल्ली मेघाकडे आहे.