कोतवालाची साक्ष

मारोती कोतवाल ज्याला ओळखत नाही असं माणूस गावात नव्हतं. सरकारनं कोतवालाचं नाव बदलून महसूल सेवक केलं, पण गावानं ते काही मनावर घेतलं नाही. तीस वर्षं नोटिसा वाटून, पंचनाम्याला उभं राहून घाटंजी तालुक्यातलं ते गाव आणि शेजारचा तांडा त्याला तोंडपाठ झाला होता. कोण कोणाची सून, कोणाचा साडू कुठल्या गावचा, झोपेतून उठवून विचारा. मतदानाला ओळखपत्र पाहिजेच की नको, असा वाद पानठेल्यावर निघाला की तो छाती फुगवून म्हणायचा, "कार्ड कायले पायजे? मी हावो ना!"

आणि हाच मारोती गेल्या वर्षापासून चेहरे ओळखू शकत नव्हता. साखरेच्या आजारानं डोळ्यांचा पडदा खराब झाला होता. समोर उभ्या माणसाचं तोंड म्हणजे ओल्या फडक्यानं पुसलेली पाटी. यवतमाळच्या डॉक्टरनं गेलेली नजर परत येणार नाही म्हणून सांगितलं. हे फक्त बायकोला, नलूला, ठाऊक. निवृत्तीला दोन वर्षं होती, आणि आंधळा कोतवाल कोण ठेवतो?

"तहसीलात सांगून टाका ना," नलू म्हणायची.

"अन् घरी बसून काय पाहू? तुया भाकरी? त्याही दिसत नाही मले."

ग्रामपंचायतीच्या मतदानाचा दिवस उजाडला. शाळेच्या वर्गखोलीत मशीन मांडलं होतं. पांढरकवड्याचे इमरान सर, हायस्कूलचे मास्तर, केंद्राध्यक्ष होते. नऊच्या सुमारास तांड्यावरची एक बाई चिठ्ठी आणि आधारची काळीकुट्ट झेरॉक्स घेऊन आली. चिठ्ठीवर नाव बसंतीबाईचं. एका पार्टीचा एजंट प्रफुल्ल ताडकन उठला. "सर, ही बसंतीबाई नोहे!" दुसऱ्या पार्टीचा म्हणाला, तीच आहे. सर वैतागले.

"एजंटांचं मी ऐकणार नाही, जो तो आपल्याच बाजूनं ओढणार. कोतवाल, तुम्ही सरकारी माणूस. सांगा."

"राम राम, मारोतीभाऊ," बाई हळूच म्हणाली.

आवाज तांड्यावरचा, शंभर वेळा ऐकलेला. पण कुणाचा? सगळी खोली त्याच्या तोंडाकडं बघत होती. मी ओळखत नाही, एवढंच म्हणायचं होतं. तीस वर्षांत ते म्हणायची वेळ कधी आली नव्हती, जीभ वळेना.

"हो, हो. बसंतीबाईच हाये."

बाईच्या बोटाला शाई लागली, मशीनचा लांब आवाज झाला, आणि मारोती बाहेर पडला. रांजणाशी जाऊन पाणी प्यायला, पुन्हा आला, पुन्हा गेला. रांगेतल्या म्हाताऱ्यांना उगाच ओरडला. तंबाखूचा खर्रा तोंडात टाकला तर गोड लागेना, थुंकून दिला. बाराच्या सुमारास भिंतीला टेकला असताना एकदम आवाजाचा माणूस सापडला. ती बसंतीबाईची धाकटी जाऊ. तिचं नाव यादीतून कटलं होतं, आणि माझं नाव काढलं कुणी म्हणून रडत ती दोनदा त्याच्याच दारात आली होती. त्यानं तिला तहसीलाची वाट दाखवली होती.

बसंतीबाई तर पुण्याकडं बांधकामावर गेलेली. एका मतासाठी तिकडून कोण येतं? असं त्यानं स्वतःला पंचवीस वेळा समजावलं. पाय मात्र ऐकेनात, ते फाटकापर्यंत जाऊन रस्ता बघत राहिले, जणू त्याला रस्ता दिसणारच होता.

चार वाजता बसंतीबाई आली. रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसून, मग काळीपिवळी जीप धरून. कार्ड नव्हतं, ठेकेदारानं साऱ्यांची कार्डं स्वतःजवळ ठेवून घेतली होती.

"तुमचं मत झालं," इमरान सर म्हणाले. "सकाळीच. या कोतवालांनी स्वतः ओळख पटवली."

"माहं? मी तं आत्ता उतरून राह्यली गाडीतून!"

"मी सांगतलं होतं, सर!" प्रफुल्ल ओरडला. सरांनी त्याला हातानंच खाली बसवलं. रांग कुजबुजायला लागली. खोटं मत टाकायला आली, असंही कुणीतरी म्हणालं. बसंतीबाई वळून मारोतीच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

"मारोतीभाऊ, तुमच्या डोयाले काय झालं?"

वर्षभर सारं गाव रोज राम राम करत होतं, कुणाला कळलं नव्हतं. मारोतीला गप्प राहता आलं असतं. दोन वर्षं निघाली असती, इज्जतही राहिली असती. गेली असती ती या बाईची, खोटारडी म्हणून.

"सर, हीच खरी बसंतीबाई," तो म्हणाला. "सकायी मी चुकलो. मले दिसत नाही. वर्ष झालं."



"दिसत नाही," सर सावकाश म्हणाले, "तर आता कसं ओळखलं?"

मारोती टेबलाजवळ सरकला. "मी नाही वयखलं, सर. तिनं मले वयखलं. माह्या तोंडाकडं पाहून जे तिले समजलं, ते परक्या बाईले समजलं असतं काय?"

सरांनी बसंतीबाईला सासऱ्याचं नाव विचारलं, लेकरांची वयं विचारली, घर नंबर विचारला. मग पाकिटातून अशाच वेळेसाठी ठेवलेली कागदाची मतपत्रिका काढली. मशीनमध्ये नाही, हे मत लिफाफ्यात जाईल, म्हणाले.

"मोजतीन ना मंग?"

"कोर्टानं मागितलं तरच."

तिनं तरीही शिक्का मारला, घडी नीट घातली. तोवर सरांनी मारोतीचा जबाब लिहून काढला होता, दिसत नसल्याच्या ओळीसकट. कागद पुढं सरकवून म्हणाले, "इथं सही करा."

मारोती पेन धरून तसाच राहिला. इथं म्हणजे कुठं, ते त्याला दिसेना. बसंतीबाईनं लिफाफा टेबलावर ठेवला, त्याचं बोट धरलं आणि कागदावर टेकवलं.

"इथं, भाऊ."