खाणीवरचं आग्या मोहोळ

शाळेतून निवृत्त झाल्यावर आम्ही सदाशिव पेठ सोडून टेकडीच्या पायथ्याशी राहायला आलो. रोज सकाळी मी आणि हे टेकडी चढायचो. वर दगडाची एक जुनी, बंद पडलेली खाण आहे. थंडी संपत आली की तिच्या कातळाला आग्या मोहोळं लटकतात, परातीएवढी. आम्ही खालून बघायचो आणि पुढे जायचो. कधी काही झालं नव्हतं.

मार्चमधल्या त्या सकाळी ह्यांचा गुडघा दुखत होता, म्हणून मी एकटीच गेले. खाणीजवळ आले तर घूं घूं आवाज. कुणीतरी ड्रोन उडवतंय असं वाटलं. वर बघते तोच कानाखाली पहिली माशी डसली. मग मानेवर, मग केसांत. मी हात झटकत पळत सुटले, मुरमावरून घसरले आणि गुडघ्यांवर आपटले.

"हात हलवू नगं! खाली बस!"

शेळ्या चारणारी एक साठीची बाई माझ्याकडे धावत येत होती. ती खालच्याच गावची. गाव आता शहरात आलंय, तिच्या शेळ्या मात्र टेकडीवरच चरतात. आम्ही लावलेली कडुनिंबाची रोपं त्या खायच्या, म्हणून मी तिला एकदा चांगलंच सुनावलं होतं. त्यापलीकडे आमचं बोलणं नव्हतं.

तिनं खांद्यावरचं घोंगडं आमच्या दोघींवर ओढलं आणि कडा जमिनीशी दाबून धरल्या. आत काळोख, शेळ्यांचा वास. डोक्यावर लोकरीतून माश्या सरपटत होत्या, त्यांचं वजन कळत होतं. चाळीस मुलांचा वर्ग एका नजरेनं गप्प करणारी मी, हमसून हमसून रडत होते.

"किती वेळ बसायचं असं?" मी विचारलं.

"त्यास्नी कटाळा येईस्तवर," ती म्हणाली. "तोंड मिटा. हळू दम घ्या."

पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. आवाज विरला तेव्हा तिनं घोंगडं सारलं. कड धरलेला तिचा उजवा हात मनगटापर्यंत सुजून टम्म झाला होता. इतका वेळ तो घोंगड्याबाहेर होता, आणि तिनं तो आत घेतला नव्हता.

"अहो मावशी, दवाखान्यात चला माझ्याबरोबर."

"तुमी व्हा म्होरं. मला शेळ्या बघायला पायजेत."

मी खाली आले. ह्यांनी रिक्षा बोलावली. डॉक्टरांनी सव्वीस काटे काढले आणि मला एक दिवस ठेवून घेतलं. ह्यांनी माझा सुजलेला चेहरा नीट न्याहाळला आणि म्हणाले, "ओळखीचं कुणी भेटलं, तर आपणहून नाव सांग."

आठवड्यानं दोघं वर गेलो. ती खाणीपासून लांब, पळसाखाली बसली होती. हाताची सूज उतरली होती. शेळ्या सगळ्या मिळाल्या का, असं मी विचारलं.

"एक करडू गेलं. खुंट्याला बांधलेलं व्हतं. माश्यांनी न्हाई सोडलं."

मला एकदम उमगलं. ती करडू सोडायला निघाली असणार, आणि मध्येच मी पडले.

"तुम्ही माझ्याकडे आलात म्हणून..."

"मंग काय तुमाला तशीच सोडायची व्हती?" ती जरा चिडूनच म्हणाली.

ह्यांनी चष्मा काढून उगाच पुसायला घेतला. मी तिच्याजवळ दगडावर टेकले. माफी मागावी असं वाटत होतं, पण नक्की कशाची ते कळेना.

"त्याची आई लई वरडली," तिनं समोरच्या एका तांबड्या शेळीकडे हनुवटीनं दाखवलं. "तीन दिस. आता खाती गुमान."

शेळी मान वर करून बाभळीचा पाला ओरबाडत होती. आम्ही तिघंही बराच वेळ तिच्याकडे बघत बसलो. मग ऊन चढलं, तशी मावशी उठली आणि शेळ्या हाकत उताराला लागली.