पागेची भिंत

शेषेराव मिस्त्री कुणाशी बोलायचं झालं की आधी त्याच्याकडे पाठ करायचे. बोलायचे ते भिंतीशी. पहिल्या दिवशी मी नमस्कार केला, तर हातोडीने एक दगड ठोकून त्याला कान लावला आणि म्हणाले, "ही बाई इमारत बांधाय आली का मोडाय?"

आमचं वैर तिथूनच सुरू झालं.

उदगीरकडच्या त्या गावातली गढी कधीच पडली होती. मागची घोड्यांची पागा तेवढी उरली होती, काळ्या दगडाची, चुन्यात बांधलेली. मधे बरीच वर्षं तिचं धान्याचं गोदाम होतं, मग कुलूप. ग्रामपंचायतीने तिथे मुलींसाठी अभ्यासिका करायचं ठरवलं आणि आराखड्याचं काम मला मिळालं. नांदेडला ऑफिस थाटून मला दोनच वर्षं झाली होती. मिस्त्री सत्तरीचे, त्याच गावातले. चुन्याचं काम येणारा त्या भागात दुसरा कुणी उरला नव्हता, म्हणून ग्रामपंचायतीने त्यांना कामावर घेतलेलं.

अभ्यासाला उजेड हवा म्हणून मी मागच्या भिंतीत आठ फुटांची खिडकी दाखवली होती. मिस्त्रींनी नकाशा हातातसुद्धा घेतला नाही.

"ही भित एक न्हाई, दोन हायत," ते म्हणाले. "हिकडून एक, तिकडून एक. मदी नुस्ता भराव. ह्ये आडवे लांब दगड दोघींना धरून हायत. तुमची खिडकी त्यांनाच कापती. पोट फुटंल हिचं."

"वर सिमेंटची तुळई टाकणार आहे मी."

"तुळई वरचं धरंल. मदलं कोण धरंल, तुमी?"

मजूर हसले. ते मला फार झोंबलं. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी ते आडवे दगड गेरूने रंगवून ठेवले होते. दगडांमधल्या दरजा भरायला आणलेलं सिमेंटचं घमेलं, चुन्याच्या भिंतीला सिमेंट नको म्हणत, त्यांनी माझ्यासमोर पायाने उलटं केलं. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "उद्यापासून येऊ नका."

त्यांनी हत्यारं गोळा केली. "भित माझी न्हाई, बाई. पर तिच्याखाली मानसं हायत."

चौथ्या दिवशी ठेकेदाराच्या माणसांनी भिंत कापली. दुपारी आतली बाजू फुगली आणि फुटली. घमेलं घेऊन चाललेल्या मंगल नावाच्या मजूर बाईचा पाय दगडाखाली सापडला. नडगीचे दोन तुकडे झाले. मी नांदेडहून पोहोचले तेव्हा मंगलला दवाखान्यात नेलं होतं आणि मिस्त्री भिंतीला लाकडी बल्ल्यांचे टेकू देत होते. कुणी बोलावलं नव्हतं, आवाज ऐकून आले होते. पहिल्यांदाच त्यांनी सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"आता काढा नकाशा."

पुढे दोन महिने ते राबले. पडलेल्या प्रत्येक दगडावर आकडा घातला आणि भिंत होती तशी उभी केली. मग शिडी लावून वरच्या गिलाव्यावर छिन्नी चालवली. आत विटांनी बुजवलेले नऊ झरोके निघाले. गोदामवाल्यांनी पाखरं येतात म्हणून बंद केलेले. ती भिंत मी तीनदा मोजली होती.

"घोड्यांना काय अंधारात ठिवत व्हते?" ते मजुरांना म्हणाले. विटा काढल्यावर उजेड खालपर्यंत उतरला होता.

शेवटच्या दिवशी मी त्यांना गाठलं. "मिस्त्री, माझं चुकलं."

"मला कशाला सांगता? पाय माझा मोडला का?"

त्याच संध्याकाळी मी मंगलच्या घरी गेले. काठी शेजारी ठेवून ती तूर निवडत होती. मी माफी मागितली. तिने मान वर केली नाही.

"मिस्त्री नगं म्हनले व्हते. तुमाला ठावं व्हतं ना?"

"हो."

"मग झालं की."

ती पुन्हा निवडायला लागली. बसा म्हणाली नाही.

आता जुन्या दगडी इमारतीचं काम आलं, की मी कागद उघडण्याआधी तिथल्या मिस्त्रीला शोधते. हे मी शेषेरावांना कधी सांगू शकले नाही. मागच्या उन्हाळ्यात ते गेले. कळल्यावर मी त्यांच्या घरी गेले, तर त्यांची सून दारात आली.

"तुमचं नाव निघालं की मामंजी ताटावरून उठायचे," ती म्हणाली. तरी तिने पाण्याचा तांब्या आणून दिला. मी उंबऱ्याबाहेर उभ्यानेच पाणी प्याले, तांब्या खाली ठेवला आणि परत निघाले.