चूक फक्त मला ऐकू आली होती

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्ग घेत होते. धुळ्यात, देवपुरातल्या घरी बसून मी ऑनलाइन स्पॅनिश शिकवते. नव्या तुकडीचा पहिला दिवस होता, आणि पहिल्या दिवशी मी नेहमी एकच विषय घेते : ही भाषा बोलायला लागताना माणूस नेमका अडतो कुठे? व्याकरण नंतर, शब्द नंतर, पहिला अडथळा लाजेचा. "बिनधास्त चुका, हसणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका," असं मी म्हणत होते, तेवढ्यात चोपड्याहून चुलतभावाचा फोन… "ताई, नाना गेले. सकाळी चहा प्यायले आणि बसल्या जागीच…" वर्ग बंद केला. खरं सांगते, आधी रडू आलंच नाही. आधी आठवलं ते आत्ताच उच्चारलेलं वाक्य. कोणत्या तोंडानं बोलत होते मी ते?

नाना म्हणजे माझे धाकटे काका. चोपडा-अमळनेर-धुळे या रस्त्यावर एसटीत कंडक्टर म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. एकुलती एक मुलगी, स्वाती, नोकरीसाठी स्पेनला गेली, तिथेच लग्न केलं. तिचा मुलगा मातेओ. स्वातीनं त्याला मराठी शिकवायचा प्रयत्न केला, पण पोरगं चार शब्दांच्या पुढे गेलं नाही. व्हिडिओ कॉलवर आजोबा आणि नातू एकमेकांकडे बघून नुसते हसायचे. नाना गोठ्यातली म्हैस दाखवायचे, तो त्याचं मांजर दाखवायचा, आणि मग स्वाती फोन घ्यायची. एका गुरुवारी दुपारी नाना माझ्या दारात उभे. हातात वही, खिशाला पेन. "मास्तरीण, माले शिकाड. नातू बोलाले लागना, आनि मी मुका बसी राहस."

अडुसष्ट वर्षांचा माणूस! मला वाटलं, दोन गुरुवार येतील आणि कंटाळतील. कसलं काय! वर्षभर एक गुरुवार चुकला नाही. चोपड्याहून बसनं यायचे, दीड तास शिकायचे, भाकर खायचे, परतीची बस धरायचे. आज शिकलेलं पुढच्या गुरुवारी कोरं व्हायचं, तेव्हा त्यांनी स्वतःच तोड काढली. सगळा रस्ता तोंडपाठ होताच. मग एका थांब्याला एक वाक्य बांधून टाकलं. थांबा आला की वाक्य म्हणायचं, म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही. शेजारचा प्रवासी विचारायचा, "नाना, काय बडबड करी राह्यनात?" हे सांगायचे, "नातूसंगे बोलनं शे माले," आणि त्या बिचाऱ्यालाच समोर धरून सराव करायचे. अमळनेरच्या बाजाराला जाणाऱ्या बायकासुद्धा त्यांना स्पॅनिशमधला नमस्कार घालून "ओला नाना" म्हणायला लागल्या होत्या. माझे पुण्या-मुंबईचे विद्यार्थी तक्रार करतात, मॅडम, बोलायला कुणी मिळत नाही. मिळत नाही म्हणे!

ऐकायला मात्र त्यांना फार जड जायचं. मी रेकॉर्डिंग लावलं की कपाळाला हात लावायचे. "हाई लोके धावती गाडीमाईन बोलतस का?" मग एकच तुकडा वीस वेळा ऐकायचे. कवळीमुळे काही उच्चार घसरायचे, तर कवळी काढून खिशात ठेवायचे आणि बोलायचे, मग तर काहीच कळायचं नाही, आणि आम्ही दोघंही पोट धरून हसायचो. चुकण्याची त्यांना भीतीच नव्हती. "चुकी गयं ते काय फाशी देतीन का?" असं म्हणायचे. मातेओला रोज एक व्हॉइस मेसेज जायचा, त्यात पहिला प्रश्न ठरलेला, "आस कोमिदो?" म्हणजे जेवलास का? आपल्याकडे माणूस भेटला की हेच विचारतो ना, तेच त्यांनी तिकडे नेलं. मी सांगितलं, नाना, तिकडे असं कुणी विचारत नाही. म्हणाले, "मंग आते इचारतीन."

मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात स्वाती, जावई आणि मातेओ चोपड्याला आले. नानांनी शेतात भरिताचा बेत केला. आमच्याकडे पाहुण्याचा खरा मान तोच. कापसाच्या काड्यांवर वांगी भाजली जात होती, पुऱ्या तळल्या जात होत्या, तीस-पस्तीस माणसं सतरंज्यांवर बसलेली. नानांनी मातेओला समोर बसवलं आणि गोष्ट सांगायला सुरुवात केली. लहानपणी स्वाती त्यांच्याबरोबर बसमध्ये यायची, दोरी ओढून घंटी वाजवायची, ती गोष्ट. मला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. माझ्याकडून न तपासता, स्वतःच्या स्वतः त्यांनी ती बसवली होती. पोरगं तोंड उघडं ठेवून ऐकत होतं. त्याच्या आठ वर्षांत पहिल्यांदा आजोबा त्याच्याशी समोरासमोर बोलत होते!

आणि मी… मी मधे तोंड घातलं. एक शब्द चुकला, मी दुरुस्त केला. नाना थांबले, दुरुस्त केलेलं म्हणाले, पुढे गेले. पुन्हा चुकले, पुन्हा मी टोकलं. तिसऱ्यांदा वाक्य उलटंपालटं झालं आणि मला हसू फुटलं. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी मोठ्यानं सगळ्यांना मराठीत सांगितलं, "अहो, नाना म्हणतात, सीट स्वातीच्या मांडीवर बसली!" सगळी पंगत खदखदून हसली. तिथे कुणाला स्पॅनिशचं ओ की ठो कळत नव्हतं. स्वाती आणि जावई दूर चुलीपाशी होते. चूक फक्त मला ऐकू आली होती, गोष्टीत रमलेल्या मातेओला तर ती जाणवलीही नसावी. मी सांगितली नसती तर ती चूक तिथल्या तिथे विरून गेली असती. मग का सांगितली? मला येतं हे तीस माणसांना दाखवायचं होतं, दुसरं काय! नाना हसले, टोपी सारखी केली, म्हणाले, "तू सांग माय, तुले चांगलं येस." आणि मी, निर्लज्जासारखी, राहिलेली गोष्ट अगदी शुद्ध सांगितली. नंतर जवळ आलेल्या जावयानं माझ्या उच्चारांचं कौतुक केलं तेही घेतलं.

त्यानंतर पाहुणे होते तेवढे दिवस नाना त्याच्याशी हातवाऱ्यांनीच बोलले. गुरुवार बंद झाले. "गुडघा दुखस," एवढंच फोनवर सांगायचे. माझ्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही. पहिल्या आठवड्यातच आलं होतं. पण माफी मागायची म्हणजे आपण केलं हे कबूल करायचं, आणि मी स्वतःला वय, थंडी, गुडघा अशी कारणं देत राहिले. गेल्या दिवाळीनंतर एका लग्नात भेटले, तेव्हा त्यांनीच विचारलं, "क्लास कसा चालू शे?" बोलायची संधी समोर होती. मी नव्या तुकडीत किती हुशार मुलं आली आहेत ते सांगत बसले. नाना मान हलवत ऐकत होते. तीच आमची शेवटची भेट.

दिवसकार्याला, गंधमुक्तीच्या दिवशी, घर माणसांनी भरलं होतं. स्वाती मातेओला घेऊन स्पेनहून आली होती. नानांच्या खोलीत मातेओ एकटाच त्यांच्या खाटेवर बसला होता, हातात नानांचा मोबाइल. त्यानं पाठवलेले मेसेज तो एकेक करून लावत होता. त्या हिवाळ्यानंतरही तो पाठवत होता, हे मला तिथे कळलं. शाळा, मांजर, पडलेला दात… सगळे मेसेज नानांनी ऐकलेले होते. उत्तर मात्र एकालाही दिलेलं नव्हतं. मी शेजारी बसले, तसं त्यानं मोबाइल खाली ठेवला आणि हळूच स्पॅनिशमध्ये विचारलं, "मावशी, आजोबा माझ्यावर का रागावले होते?"

मग तोच म्हणाला, "त्या दिवशी शेतात ते मला गोष्ट सांगत होते. मधेच थांबले. मग कधीच बोलले नाहीत. मी काय केलं होतं?"

वीस वर्षं ही भाषा शिकवतेय मी. त्या क्षणी तोंडातून एक धड वाक्य निघेना. अडखळत, चुकत एवढंच म्हणाले, "तुझ्यावर नाही रे. तू काहीच केलं नाहीस. मी त्यांना हसले होते. सगळ्यांसमोर. म्हणून थांबले ते."

वाटलं, हा आता विचारेल, का हसलीस? त्यानं विचारलं नाही. माझ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. खाटेवरून उडी मारून तो बाहेर धावला आणि त्या भरल्या घरात आईला हाका मारत ओरडला, "आई, आजोबा रागावले नव्हते! माझ्यावर रागावले नव्हते!" स्वातीनं त्याला पोटाशी धरलेलं मला दारातून दिसत होतं. उठून तिच्यापाशी जायची माझी हिंमत झाली नाही. मी नानांच्या खाटेवरच बसून राहिले.